फर्दापूरच्या टी-पॉइंटवरचा पद्मपाणी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी पाहायला चित्रकलेचे विद्यार्थी दरवर्षी येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो लेण्यात दिसण्याआधी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर भेटतो. गाइडबुकाच्या मुखपृष्ठावर, घडी उलगडत जाणाऱ्या पोस्टकार्डांवर, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर, एखाद्या लॉजच्या पाटीवर. कुठे तो तांबूस, कुठे हिरवट, कुठे शाई जास्त लागल्यामुळे थेट जांभळा. लेण्यांकडे जाणाऱ्या एस.टी.ची वाट बघत उभं असताना हा सगळा माल डोळ्यांसमोर असतो. पण वहीत कोणी त्याचं रेखाटन करत नाही. वही उघडायची ती वर, ‘खऱ्या’ चित्रासमोर, असा एक अलिखित नियम आहे.

पॉप आर्ट समजून घ्यायचं असेल तर हा नियम मोडायला हवा. एकच प्रतिमा मूळ चित्र म्हणून, अभ्यासासाठी केलेली प्रतिकृती म्हणून आणि विकायचा माल म्हणून चार-पाच किलोमीटरच्या टापूत पाहायला मिळावी, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. आणि पॉप आर्टचा सगळा खटाटोप प्रतिमेच्या या प्रवासाभोवतीच चाललेला असतो.

कला महाविद्यालयात ‘पॉप आर्ट’ची असाइनमेंट मिळाली की काय होतं, हे शिक्षकांना पाठ असतं. पंधरातले दहा विद्यार्थी मेरिलिन मन्रोचा चेहरा चार चौकटींत चार रंगांत रंगवून आणतात. उरलेल्यांतले काही जण ठिपके काढून इंग्रजीत ‘बूम’ लिहितात. आता तर मोबाइलमधला फिल्टर हे काम दोन सेकंदांत करून देतो. काम नीटनेटकं असतं, गुणही मिळतात, पण त्यात पॉप आर्ट नसतं. मेरिलिन ही अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या बाजारातली प्रतिमा होती. ती त्याच्या रोजच्या वर्तमानपत्रात होती, थिएटरात होती, लोकांच्या बोलण्यात होती. सोयगाव किंवा सिल्लोड तालुक्यातून आलेल्या मुलीला तिच्याशी काय देणंघेणं?

पॉप आर्टचा जन्म अमेरिकेतला, असं सरसकट सांगितलं जातं, ते पुरतं खरं नाही. सुरुवात लंडनमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं आणि अमेरिकन मासिकांतून मात्र फ्रिज, मोटारी, डबाबंद मांस आणि हसऱ्या बायका ओसंडून वाहत होत्या. रिचर्ड हॅमिल्टनने १९५६ साली अशाच मासिकांतली चित्रं कापून एक लहानसं कोलाज केलं. दिवाणखान्यात एक पिळदार शरीराचा पुरुष उभा आहे आणि त्याच्या हातात भल्यामोठ्या लॉलीपॉपवर ‘पॉप’ हा शब्द आहे. हे कोलाज लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी आणि पोस्टरसाठी केलेलं होतं. स्वतःकडे नसलेल्या मालाच्या जाहिरातींकडे हावरेपणाने आणि थोड्या थट्टेने पाहणं, अशी ती सुरुवात. अमेरिकेतल्या चित्रकारांना तो माल घरातच होता, त्यामुळे तिथलं पॉप जास्त थंड आणि कोरडं झालं.

अँडी वॉरहॉल मुळात न्यूयॉर्कमधला यशस्वी जाहिरात-चित्रकार. १९६२च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. कंपनीची त्या वेळी सूपं ३२ प्रकारची होती, म्हणून चित्रं ३२. किंमत प्रत्येकी १०० डॉलर. खप जवळजवळ शून्य. शेवटी गॅलरीवाल्या अर्व्हिंग ब्लमने सगळा संच स्वतःच १,००० डॉलरला, तोही हप्त्याने, घेतला. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. विद्यार्थ्याने इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. हे डबे छापल्यासारखे दिसतात, पण ते हाताने रंगवलेले आहेत. डब्याच्या तळाशी असलेली फुलांची ओळ तेवढी ठशाने उमटवली आहे. यंत्रासारखं दिसावं म्हणून माणसाने हाताने केलेली मेहनत, हे पॉपमधलं पहिलं गमतीचं कोडं.

त्यानंतर लगेच वॉरहॉल स्क्रीन प्रिंटिंगकडे वळला. ही पद्धत आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. तालुक्याच्या गावात ‘स्क्रीन प्रिंटिंग’ची पाटी असलेलं एक तरी दुकान असतंच: लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, गणेश मंडळाचे टी-शर्ट. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. त्यावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रसायनाचा थर द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचा. पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात उतरवलेलं चित्र त्यावर ठेवून प्रकाश दिला की काळ्या भागाखालचा थर मऊ राहतो, बाकीचा कडक होतो. पाण्याचा फवारा मारला की मऊ भाग धुऊन निघतो आणि तिथली जाळी मोकळी होते. मग चौकट कागदावर ठेवायची, कडेला शाई ओतायची आणि रबरी पट्टीने ती एका दमात ओढायची. मोकळ्या जाळीतून शाई खाली उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. दोन चौकटी एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत तर ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सांडतो. पत्रिका छापणारा असा कागद रद्दीत टाकतो. वॉरहॉलने तो ठेवला.

मेरिलिन मन्रो १९६२च्या ऑगस्टमध्ये वारली. वॉरहॉलने ‘नायगारा’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा फोटो घेतला आणि त्याचे ५० चेहरे दोन भागांत छापले. डावीकडचे २५ भडक रंगांत, उजवीकडचे २५ काळ्या-पांढऱ्यात. उजवीकडे कुठे शाई गच्च झाल्याने चेहरा काळा पडला आहे, कुठे शाई संपत आल्याने तो विरत गेला आहे. बातमी म्हणून, पोस्टर म्हणून, जाहिरात म्हणून छापून छापून झिजलेली बाई. झीज दाखवायला त्याने वेगळं काही रंगवलं नाही. छपाईतली चूक तशीच राहू दिली. चार चौकटींत चार सुबक रंग भरणाऱ्या असाइनमेंटमधून नेमकी हीच झीज गायब असते.

आता टी-पॉइंटवरून बसने लेण्यांपाशी या आणि थेट दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा. पहिल्यातल्या गर्दीमुळे दुसऱ्याकडे लोक घाईने पाहतात. तिथे गाभाऱ्याच्या अंगाला भिंतीवर बुद्धाच्या लहान बैठ्या आकृती ओळीने रंगवलेल्या आहेत. ओळीखाली ओळ, पुन्हा ओळ. ‘सहस्र बुद्ध’ म्हणून त्या ओळखल्या जातात. लांबून भिंतीवर एखादं कापड ताणून बसवल्यासारखं वाटतं. जवळ गेल्यावर फरक दिसू लागतात. एकाचं वस्त्र पांढरट, शेजारच्याचं तांबूस. कुठे हाताची मुद्रा बदललेली, कुठे प्रभावळीचा रंग. श्रावस्तीला बुद्धाने एकाच वेळी असंख्य रूपांत दर्शन दिलं, त्या कथेशी हे चित्रण जोडलं जातं. एक बुद्ध रंगवला की एवढं पुण्य, हजार रंगवले की हजारपट, असा त्यामागचा भाव. दान देणाऱ्याच्या दृष्टीने पुनरावृत्ती हीच पूजा होती.

वॉरहॉलचं बालपण पिट्सबर्गमध्ये गेलं. त्याचे आईवडील स्लोव्हाकियाच्या डोंगराळ भागातून आलेले, घर बायझंटाइन कॅथलिक पंथाचं. रविवारी चर्चमध्ये तासन्‌तास बसायचं आणि समोर सोनेरी पार्श्वभूमीवर संतांच्या प्रतिमांची भिंत: ओळीने, चौकटीत, सगळे समोर तोंड करून. त्याच्या मेरिलिन आणि डब्यांच्या ओळी या भिंतीशी नातं सांगतात, असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे आणि मला ते पटतं. पण म्हणून ‘आमच्याकडे पाचव्या शतकातच पॉप आर्ट होतं’ असं म्हणायची जी हौस आपल्याकडे उसळते, ती आवरावी. दुसऱ्या लेण्यातल्या चित्रकाराचा प्रतिमा पुन्हा पुन्हा काढल्याने ती अधिक भरते, यावर विश्वास होता. वॉरहॉलला ती पोकळ होत जाते हे दिसत होतं, आणि तरी तो ती काढत होता. दोन भिंती सारख्या दिसतात. त्यांच्यामागची श्रद्धा अगदी उलट दिशांना जाते. हा फरक ज्या विद्यार्थ्याला या भिंतीसमोर उभं राहून जाणवला, त्याचं पॉप आर्टचं निम्मं शिक्षण तिथेच झालं.

ठिपक्यांचंही असंच आहे. रॉय लिखटेन्स्टाइनच्या चित्रांतले ठिपके ही कॉमिक्स आणि वर्तमानपत्रांच्या स्वस्त छपाईची खूण. बेंजामिन डे नावाच्या अमेरिकन मुद्रकाने १८७९च्या सुमारास ही ठिपक्यांची पद्धत काढली: लाल ठिपके दाट घातले तर गडद लाल, विरळ घातले तर गुलाबी, म्हणजे एकाच शाईत दोन रंगांचं काम. आपल्याकडे टाइम्सच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये वेताळाचे अंक मराठीत निघत. कोणाच्या माळ्यावर त्यातला एखादा जुना अंक सापडला तर भिंग घेऊन वेताळाच्या आसपासचं आकाश पाहा. लिखटेन्स्टाइनने १९६३च्या ‘व्हॅम’सारख्या चित्रांत हे ठिपके मोठे करून, जाळीचा स्टेन्सिल वापरून, कॅनव्हासवर हाताने काढले. आता विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायेचे तीन प्रकार सांगितले आहेत: पत्रजा, ऐरिका आणि बिंदुजा. त्यातली बिंदुजा वर्तना म्हणजे बारीक ठिपक्यांनी दिलेली छटा. ठिपका दोन्हीकडे आहे. चित्रसूत्रातला ठिपका गालाला गोलाई यावी म्हणून, डोळ्याला ठिपका दिसूच नये अशा बेताने दिलेला. लिखटेन्स्टाइनचा ठिपका हा ठिपका आहे असं ओरडून सांगणारा. एका सहलीत या दोन्हींचा सराव करायला विद्यार्थ्याला फक्त एक पेन लागतं.

पद्मपाणी पाहताना मात्र घाई नको. तो गाभाऱ्याच्या प्रवेशाच्या डाव्या बाजूला आहे, उजव्या हातात निळं कमळ, मान कललेली, डोळे खाली. सिक्युरिटीवाला पुढे सरका म्हणेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा भुवईवर घालवा. भुवईची रेषा एका झोकात गेली आहे, मध्ये कुठे हात थांबल्याची खूण नाही. त्या काळची पद्धत अशी: खडकाच्या खडबडीत पृष्ठावर माती, भुसा आणि गवताचे तंतू मिसळून गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूने आरेखन, मग रंग आणि शेवटी पुन्हा गडद रेषेने आकृती पक्की करणं. रंग बहुतेक आसपासच्या मातीदगडांतले, म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा तेवढा परदेशी. तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. रंग कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या बंधकात मिसळून दिलेले, त्यामुळे युरोपातल्या ओल्या चुन्यावरच्या फ्रेस्कोपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. टी-पॉइंटवरच्या पोस्टकार्डात सगळ्यात आधी हरवते ती भुवईची रेषा. छपाईत ती जाड होते आणि पद्मपाणी किंचित रागावलेला दिसू लागतो. मूळ आणि पोस्टकार्ड शेजारी ठेवून हा फरक रेखाटला, तर एका पानात रेषेचाही धडा होतो आणि पॉपचाही.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास हा बराचसा विद्यार्थ्यांचाच इतिहास आहे. १८१९ साली मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलं, ती गोष्ट गाइड सांगतातच. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिलला भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. पुढची दोन दशकं त्याने इथेच काढली. (स्थानिक पारोची आणि त्याची प्रेमकहाणी ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे मराठी घरांत पोचली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.) त्याची तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, १८६६च्या आगीत त्यातली बोटांवर मोजण्याइतकी वाचली. मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागला. हे काम १८८५पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या मुलांपैकीच. सुमारे ३०० चित्रं झाली, लंडनला गेली, आणि १८८५मध्ये तिथल्या गोदामाला आग लागून शंभराहून अधिक जळाली. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७मध्ये निघाला.

या मंडळींनी मूळ चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निशही फासलं. नंतर १९२०-२२मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी निघू लागलेले पापुद्रे नीट चिकटवले, पण वर लाखेचा हात दिला. दोन्ही थर पिवळे पडत गेले आणि पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षं ते काढत बसावं लागलं. प्रतिकृतीच्या नादात मूळच पिवळं झालं. पॉप आर्टवर निबंध लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

फर्दापूरशी थेट नातं सांगणारी मोहीम लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅमची. ही बाई टेंपेरा रंगांची जाणकार. चेन्निनो चेन्निनीचा इटालियन चित्रकलाग्रंथ तिने इंग्रजीत आणला होता. १९०९ ते १९११ या काळात हिवाळ्यांत तिने फर्दापूरला तंबू ठोकले. मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. वेंकटप्पा हे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांचे तरुण शिष्य आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. फर्दापूरहून सकाळी लेण्यांकडे जायचं, अंधारात, वटवाघळांच्या वासात दिवसभर माग काढत रेघा उतरवायच्या. या कामातून १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथ काढला. नंदलालांच्या पुढच्या साऱ्या रेषेत हा मुक्काम आहे. हरिपुरा काँग्रेससाठी १९३८ साली त्यांनी केलेली पोस्टर्स पाहा, सपाट रंग, जाड वाहती रेषा, गावातले कारागीर आणि वादक. तीही बाजारातल्या, चालत्या माणसांसाठी मंडपात लावलेली चित्रं होती, गॅलरीसाठी नव्हे.

अजिंठ्याची नक्कल करणं एकदा का शिस्त झाली की तिचा साचा व्हायला वेळ लागत नाही. जे. जे.मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, म्हणजे १९२० आणि ३०च्या दशकांत, भित्तिचित्रांचा वर्ग आणि ‘भारतीय शैली’ यांना जोर आला. सॉलोमन यांनी अजिंठ्याच्या स्त्रियांवर १९२३ साली पुस्तकच लिहिलं. लांबट डोळे, कललेली मान, कमरेची वळणं यांची एक तयार भाषा झाली. ती कॅलेंडरवर गेली, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर गेली, साबणाच्या वेष्टनांवर गेली. चित्रकार दलाल-मुळगावकरांच्या सुंदर स्त्रिया पाहिल्या की या भाषेची लोकांना किती गोडी लागली होती ते कळतं. गंभीर कलासमीक्षेने या चित्रांकडे वर्षानुवर्षं नाक मुरडलं. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या पॉपचा कच्चा माल तिथेच पडून आहे.

१९४७मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तो या गोड साच्याचा कंटाळा येऊनच. त्यांना सेझान हवा होता, पिकासो हवा होता, जर्मन अभिव्यक्तिवाद्यांची रांगडी रेषा हवी होती. पंढरपुरात जन्मलेले हुसेन तर त्याआधी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत. शिडीवर चढून काही फूट मोठा डोळा रंगवायचा, जवळून तो काय आहे ते कळत नाही, रस्त्यापलीकडून नटी दिसली पाहिजे. पुढच्या हुसेनच्या झपाट्याचं मूळ या कामात शोधणं चूक ठरणार नाही. अमृता शेरगिल याआधीच, १९३६च्या अखेरीस, पॅरिसचं शिक्षण घेऊन अजिंठ्याला आली होती. परतल्यावर १९३७मध्ये तिने ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारी’ आणि बाजाराला जाणाऱ्या दक्षिणी गावकऱ्यांचं चित्र केलं. त्यात अजिंठ्याचे लांबट डोळे फारसे नाहीत. आकृतींची गर्दी कशी एकमेकींत गुंफायची आणि मातीचे रंग किती कमी संख्येत चालवायचे, एवढंच तिने उचललं. नक्कल आणि शिकणं यातला फरक दाखवायला मला तिची ही तीन चित्रं पुरेशी वाटतात.

बाकीच्या ‘वादां’बद्दल थोडक्यात. घनवाद शिकणाऱ्याने अजिंठ्यातले डोंगर पाहावेत: चित्रकाराने खडक म्हणजे एकावर एक रचलेले चौकोनी ठोकळे काढले आहेत, आणि महाल एकाच वेळी बाजूने, वरून, आतून दिसतो. पण पिकासो आणि ब्राक यांना १९०८च्या सुमारास वस्तू फोडून पाहायची होती. इथल्या चित्रकाराला गोष्ट सांगायची आहे आणि त्यासाठी त्याला भिंत पारदर्शक करावी लागते. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, मध्ये चौकटीची रेघही नाही. कॉमिक्सवाल्यांनी हे आवर्जून पाहावं. दृक्‌प्रत्ययवादाला (इम्प्रेशनिझमला) लेण्यात जागा नाही, त्याला ऊन लागतं. पावसाळ्यात समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूर नदीचा नालाकृती वळसा आणि दर मिनिटाला बदलणारा हिरवा रंग दिसतो. ट्यूबमधले रंग घेऊन तिथे बसावं. आणि अमूर्ताची ओढ असलेल्याला तर निम्म्या भिंती पापुद्रे सुटून नुसतेच डाग झालेल्या दिसतील. नागपुरात जन्मलेले चित्रकार गायतोंडे रंगाचे थर चढवत आणि खरवडत जी शांतता आणत, ती त्या डागांशेजारी आठवणं साहजिक आहे. फक्त गायतोंडेंचा डाग ठरवून आलेला असतो, भिंतीवरचा काळाने पाडलेला. फोटो काढून त्याला ‘माझं अमूर्त’ म्हणू नये.

पॉपकडे परत येऊ, कारण तिथे आपल्या मुलांच्या हाताशी एक तयार गोष्ट आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेत संकल्पचित्र नावाचा पेपर असतो. पोस्टर कलर सपाट लावायचा, ब्रशचा पट्टा दिसता कामा नये, कडा धारदार हव्यात, रंग मोजके. शाळेत या पेपराचा बहुतेकांना वैताग येतो. पण हीच तर पॉपची तांत्रिक अट! प्रभाकर बरवे यांनी इनॅमल रंगांत घड्याळ, पान, बाटली यांसारख्या वस्तू सपाट आणि कोरड्या धारेने कॅनव्हासवर मांडल्या. विणकर सेवा केंद्रातली डिझाइनची नोकरी त्यांच्या हातात मुरलेली होती. ते पॉपवाले नव्हेत, त्यांच्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या तरंगतात. तरीही रोजची वस्तू चित्रात कशी येते हे मराठीतून समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ला पर्याय नाही.

भारतीय पॉपचं नाव काढलं की भूपेन खक्कर. मुंबईत वाढलेले, पेशाने हिशेबनीस, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याला गेले. त्यांनी आधी बाजारातले देवादिकांचे छापील फोटो कापून बोर्डावर चिकटवले, त्यावर रस्त्याकडेच्या देवळासारखे भडक रंग दिले. नंतर १९७०च्या दशकात घड्याळ दुरुस्ती करणारा, शिंपी, न्हावी अशा दुकानदारांची चित्रं केली. त्यांत ‘जनता वॉच रिपेअरिंग’ पाहण्याजोगं आहे. पाटीवरची अक्षरंही चित्राइतक्याच मायेने रंगवलेली. वॉरहॉलच्या डब्यामागे माणूस नाही. खक्करांच्या दुकानात माणूस बसलेला आहे आणि त्याला एकटं वाटतंय. घाटकोपरचे अतुल डोडिया १९९४च्या ‘बॉम्बे बकानियर’मध्ये ‘बाजीगर’च्या पोस्टरच्या धाटणीवर स्वतःलाच रंगवतात, आणि पुढे दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्र काढतात; शटर वर ढकललं की आत दुसरं चित्र. हे तंत्र टी-पॉइंटवर बसलेल्या विद्यार्थ्याला विशेष सांगावंसं वाटतं, कारण समोरच शटरांची रांग आहे.

तर त्या शटरांसमोर काय करता येईल? एक पद्मपाणी घ्या, पण लेण्यातला नको, चुंबकावरचा घ्या. तो ज्या दुकानात आहे त्याची मांडणी रेखाटा: बेसाल्टच्या पोकळीतून निघालेले गुलाबी-पांढरे स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट, मागे पाण्याच्या बाटल्यांचे खोके, वर चिप्सच्या पाकिटांची तोरणं. पैठणीवर अजिंठ्याचं कमळ विणलं जातं, हिमरू शालींवर लेण्यांतली नक्षी येते. त्यांचे तुकडे शेजारी मांडा. १५ ऑगस्ट १९४९ला निघालेल्या तिकीटमालेतलं सर्वांत स्वस्त, तीन पैचं तिकीट अजिंठ्याच्या हत्तीचं होतं आणि ते नाशिकच्या प्रेसमध्ये छापलेलं. जुन्या तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे ते आजही सहज मिळतं. टी-पॉइंटजवळच्या पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभारल्या आहेत; म्हणजे खऱ्या पद्मपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमेंटमधला आणखी एक पद्मपाणी आहे. या सगळ्यांची एक ओळ लावा. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जाऊन दोन चौकटी बनवून घ्या, पिशव्या छापून झाल्यावर उरलेल्या शाईत काम होतं. रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर दुकानदार माफी मागेल. त्याला सांगा की तोच कागद हवा आहे.

लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि सोमवारी ती बंद असतात. अनेक शाळा हे न विचारता सहल आखतात आणि फर्दापूरला येऊन हिरमुसतात. खरं तर चित्रकलेच्या वर्गाने मुद्दाम सोमवारीच यायला हरकत नाही. गावात लॉजच्या पाट्या आहेत, रसवंतीच्या भिंतीवर रंगवलेला उसाचा मळा आहे, ट्रकच्या मागे कमळं आहेत, आणि या चित्रांपुढून कोणी पुढे सरका म्हणत नाही.